वाटेत राहिलेला सण

जेरुसलेमच्या बाजारात एक आजोबा डोळ्याला भिंग लावून म्हाळुंगं तपासत होते. देठ पाहायचा, टोक शाबूत आहे ना ते पाहायचं, सालीवर बारीकसा डाग दिसला की फळ परत टोपलीत. विसावं नाकारलं तरी दुकानदार हूं की चूं करीना. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच हे फळ. इथे त्याला ‘एत्रोग’ म्हणतात आणि ज्यूंच्या सुक्कोत सणाच्या पूजेला ते निर्दोषच लागतं.

तारीख होती 13 ऑक्टोबर 2019. घरी मसाला दूध आटत असणार, कारण त्याच रात्री कोजागिरी होती. सुक्कोतही तिश्री महिन्याच्या पंधराव्या तिथीला सुरू होतो, म्हणजे पौर्णिमेलाच. ज्यूंचे महिने चंद्राचे आणि सण ऋतूंचे. दोहोंचा मेळ राहावा म्हणून 19 वर्षांत 7 अधिक महिने धरतात. त्यामुळे हा सण कधी कोजागिरीला येतो, कधी तिच्या आधीच्या पौर्णिमेला. दर गॅलरीत झावळ्यांचा मांडव; छप्पर विरळ, वर चांदण्या दिसाव्यात इतकं. मिसरमधून सुटल्यावर पूर्वज वाळवंटात भटकले, त्याची ही सात दिवसांची आठवण.

इथवर सगळं ओळखीचं वाटत होतं. चार दिवसांनी रस्त्यात ढोल वाजले आणि मी चक्रावलो. ब्राझील, फिजी, फिनलंड, चीन! आपापल्या पोशाखात, झेंडे नाचवत हजारो माणसं चाललेली, आणि ती सगळी ख्रिस्ती. फुटपाथवरच्या पोरांवर खाऊच्या गोळ्यांचा नुसता पाऊस.

“हे ख्रिस्ती लोक ज्यूंचा सण कशाला करतात?” मी पुटपुटलो, तेही मराठीत.

“अरे, अलिबागकडचा का तू?” शेजारच्या मावशी वळल्या. बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. “नव्या वर्षाचा सण झाला, आता हा मांडवांचा. माणसं आमची नव्हेत, पण सण आमचाच की!”

खरं कोडं वेगळंच आहे. बायबलात यात्रेचे सण तीन. पहिला वल्हांडण: त्या दिवसांतला येशूचा मृत्यू आणि पुनरुत्थान यांतून ईस्टर आला. वल्हांडणानंतरच्या पन्नासाव्या दिवसाचा शावुओत पेंटेकॉस्ट झाला. 325 साली निकाईयाच्या धर्मसभेने ईस्टरची गणना ज्यूंच्या पंचांगापासून तोडली, तरी नातं उरलंच. तिसरा, सुक्कोत, मात्र चर्चमध्ये पोचलाच नाही. सगळी राष्ट्रं दरवर्षी हा सण पाळायला जेरुसलेमला येतील, हे बायबलातल्या जखऱ्या संदेष्ट्याचं भाकीत मिरवणुकीतली ही मंडळी शब्दशः घेतात. 1980 साली अनेक देशांनी आपले दूतावास इथून तेल अवीवला हलवले, तेव्हा यांच्यातल्या काहींनी सुक्कोतच्याच दिवसांत इथे ‘ख्रिस्ती दूतावास’ उघडला. ही यात्रा त्यांचीच.

सगळ्यांना हे रुचत नाही. सण-अमावास्येवरून कोणी तुमचा न्याय करू नये, असं पौलाने कलस्सैकरांना लिहिलं होतं. त्याचा दाखला देऊन कित्येक ख्रिस्ती याला फाटा देतात. काही रब्बींना यात धर्मांतराचा वास येतो.

मावशींनी मला मांडवात जेवायला नेलं. मी सवयीने चपला काढल्या, तर त्या खळखळून हसल्या. नातवाने मुठीतली गोळी पुढे करून हिब्रूत काहीतरी विचारलं.

“काय म्हणतोय?”

“ही कोशर आहे का, म्हणजे आपल्या धर्मात चालते का, म्हणतोय.”

मावशींनी चष्मा कपाळावर सरकवला, वेष्टण डोळ्यांजवळ नेलं, उलटंपालटं केलं, पुन्हा वाचलं. मग गोळी त्याच्या तळहातावर ठेवली.