भिंतीपासून रॅमपर्यंत

नवा जोडलेला संगणक मध्येच बंद पडतो, तेव्हा आधी तो कसा बंद पडतो ते पाहावे. कधी पडदा आहे तसा थिजतो. माउसचा बाण हलत नाही, चालू गाण्याचा एकच तुकडा घरघरत राहतो. अशा वेळी कीबोर्डवरचे नम लॉकचे बटण दाबून पाहावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आतली यंत्रणा जिवंत आहे आणि अडकला आहे तो एखादा प्रोग्राम किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर. दिवा ढिम्म राहिला तर सगळेच थांबले आहे. कधी काहीही न सांगता पडदा काळा होतो आणि संगणक आपोआप रिस्टार्ट होतो. कधी निळी स्क्रीन येते. तिला घरचे सर्वांत जास्त घाबरतात, पण उपयोगाची तीच. काहीतरी चुकले हे विंडोजला कळले आणि बंद पडण्यापूर्वी ते नोंदवता आले, एवढाच तिचा अर्थ. मुकाट्याने रिस्टार्ट होणाऱ्या यंत्राला तेवढीही सवड मिळालेली नसते, म्हणून तिथे पहिला संशय विजेवर घ्यावा. धाराशिव जिल्ह्यात तर तपासणी कॅबिनेट उघडून नव्हे, भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू करावी.

या जिल्ह्यातल्या घरांत संगणक दिसू लागला तो या शतकाच्या आरंभी. 2001 मध्ये एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू झाला, नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले आणि तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा अशा गावांत शिकवण्यांबरोबर घरीही असेम्बल केलेले संगणक आले. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सोलापूर-लातूरच्या दुकानांत येत आणि तिथून एसटीने पुढे. त्या वर्षी विशी ओलांडलेला विद्यार्थी आज चाळिशीच्या पुढे आहे. त्याचा मुलगा भाग घरपोच मागवतो आणि स्वतःच जोडतो. यंत्र पार बदलले, पण हँग होणे राहिले आणि त्यावरचा पहिला उपायही राहिला: फॉरमॅट मारून बघू. हा उपाय बहुतेक वेळा चुकीचा आहे. बिघाड हार्डवेअरमध्ये असेल तर फॉरमॅटने तो जात नाही. उलट विंडोजने करून ठेवलेल्या नोंदी पुसल्या जातात आणि त्यांच्याबरोबर घरातले फोटोही.

पहिल्या पिढीच्या यंत्रांत खरा गुन्हेगार पुष्कळदा मदरबोर्डवरचा कपॅसिटर असे. त्या दशकात सदोष रसायन भरलेले कपॅसिटर जगभर अनेक कंपन्यांच्या बोर्डांवर गेले होते. दोन-तीन वर्षांत त्यांची सपाट डोकी फुगत, फुटत, तपकिरी चिकट द्रव बाहेर येई आणि संगणक दिवसातून चार वेळा अडे. नुसत्या डोळ्यांनी दिसणारा हा बिघाड होता, पण कॅबिनेटचे झाकण कोणी उघडतच नसे. 2005 नंतरची भारनियमनाची वर्षे आली तेव्हा संगणकाशेजारी यूपीएस आला, मग घरभराचा इन्व्हर्टर आला, आणि दोष शोधण्याची वाट आणखी लांबली.

आता सॉकेटकडे. मल्टिमीटर एसीवर लावून तीन मापे घ्यावीत. हे काम स्वतःला जमत नसेल तर वायरमनकडून करून घ्यावे. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्टच्या आसपास आकडा हवा, फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढाच हवा, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. फेज-अर्थचा आकडा शंभर-सव्वाशेवर डुलत असेल तर सॉकेटला तिसरे भोक आहे, पण त्यामागे अर्थिंग नाही. न्यूट्रल-अर्थमध्ये भार असतानाही नेमके शून्य आले तर आणखी सावध व्हावे. कोणीतरी सॉकेटमध्येच तारेचा तुकडा टाकून दोन्ही एकत्र केलेले असण्याची शक्यता आहे. असल्या जोडणीत न्यूट्रलची तार मागे कुठे तुटली तर संगणकाच्या पत्र्यात सरळ फेज येते. हा प्रकार कुठेही सापडला तरी त्याच दिवशी काढून टाकावा.

अर्थिंग नसल्याची खूण हाताला कळते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्यावरून, स्क्रूवरून किंवा यूएसबीच्या कडेवरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली की झिणझिण्या येतात. टेस्टर टेकवला तर मंद पेटतो. यावरून एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, बिघडला असे समजून तो बदलणारे पुष्कळ आहेत. वास्तविक प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी वीज गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याला जोडलेले असतात. त्यांतून झिरपणारा किंचित प्रवाह अर्थच्या तारेने जमिनीत जावा अशी योजना असते. तार नसेल तर पत्रा 230 च्या निम्म्यावर, 115 व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. मग मॉनिटर, स्पीकर, प्रिंटर यांच्या केबलींच्या वेष्टणांतून तो प्रवाह वाट काढतो; पेन ड्राइव्हचा संपर्क आपोआप तुटतो, स्पीकर गुणगुणतो, माउस अडखळतो आणि कधी कधी सगळे यंत्रच थांबते.

धाराशिवच्या जमिनीचा इथे थेट संबंध येतो. जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगांवर आणि दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला आहे. बऱ्याच ठिकाणी मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि काळा पाषाण. कोरडा खडक वीज जमिनीत मुरू देत नाही. कोळसा-मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा पावसाळ्यात उत्तम चालतो आणि एप्रिल-मेमध्ये ओल गेली की निकामी ठरतो. दिवाळीत जोडलेला संगणक उन्हाळ्यात हँग होऊ लागला तर लोक उकाड्याला दोष देतात. तो खरा असेलही, पण आधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून झिणझिण्या थांबतात का ते पाहायला काहीच खर्च येत नाही.

लाइट जाते त्या क्षणी रिस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरकडे पाहावे. एटीएक्स मानकाप्रमाणे पुरवठा तुटल्यावर एसएमपीएसने सुमारे 16 मिलिसेकंद यंत्र चालते ठेवायचे असते. आपल्या विजेचे एक आवर्तनच 20 मिलिसेकंदांचे. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडमध्ये यापेक्षा सावकाश बदलतो. पंख्याला आणि ट्यूबला ते चालते, संगणकाला चालत नाही. अनेक इन्व्हर्टरांच्या मागे यूपीएस मोडचे बटण असते, ते दाबले की प्रश्न बऱ्याचदा तिथेच मिटतो. चौकोनी लहरीचा जुना इन्व्हर्टर आणि नव्या धाटणीचा एसएमपीएस यांचेही नीट जमत नाही. तिथे साइन वेव्हचा इन्व्हर्टर किंवा संगणकापुरता वेगळा यूपीएस लागतो. शेजारची बोअरची मोटर सुरू होताच अडत असेल तर तीही नोंद महत्त्वाची, कारण मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि तेवढ्यापुरते व्होल्टेज खाली बसते. चांगला एसएमपीएस हा धक्का पचवतो. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला, वर 450 वॅट छापलेला आणि हातात घेतल्यावर हलका लागणारा एसएमपीएस पचवत नाही. नवा संगणक जोडताना महागड्या ग्राफिक्स कार्डापायी एसएमपीएसवर पैसे वाचवणे हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत वाईट सौदा आहे. भार असताना त्याचे 12 व्होल्ट 11.4 च्या खाली किंवा 12.6 च्या वर जाता कामा नये.

विजेनंतर उष्णता. तिचा विचार छपरासकट करावा लागतो. या भागात पूर्वी माळवदाची घरे होती: जाड दगड-मातीच्या भिंती, लाकडी छत, वर पांढऱ्या मातीचा थर. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात सास्तूर, किल्लारी परिसरातली अशी घरे माणसांवर कोसळली आणि नंतर लोकांचा माळवदावरचा विश्वास उडाला. त्यांच्या जागी काँक्रीटची आणि पत्र्याची घरे आली. माळवदाखाली संगणकावर माती झडते पण खोली थंड राहते; पत्र्याखाली माती नसते, पण मे महिन्यात बाहेर 41 अंश असताना दुपारी खोली त्याहून तापते. पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की आतले सगळे आकडे साधारण दहा अंशांनी चढतात. प्रोसेसर शंभरीच्या जवळ आला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी भागले नाही तर यंत्र बंद करतो. उसाच्या पट्ट्यात गळीत हंगामात साखर कारखान्याच्या चिमणीतून उडणारी काजळी कूलरच्या पात्यांत बसते. ती धुळीपेक्षा चिकट, नुसत्या ब्लोअरने निघत नाही, ब्रशही लागतो. नव्या जोडणीत मात्र कारण बहुधा साधे असते. कूलरच्या तळावरची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी काढायची राहिलेली असते, नाहीतर चार खुंट्यांपैकी एक बोर्डात नीट बसलेली नसते. बोर्ड उलटा करून चारही खुंट्यांची टोके मागे बाहेर आली आहेत का ते पाहिल्याशिवाय थर्मल पेस्टला दोष देऊ नये.

रॅमचा दोष ओळखणे सर्वांत अवघड, आणि तो समजून घेण्यासारखाही सर्वांत जास्त. 16 जीबी रॅममध्ये सुमारे 13,744 कोटी बिट असतात. त्यांतला एकच बिट खराब आहे असे धरू. त्याची जागा ठरलेली असते, पण त्या जागी विंडोज काय ठेवील हे दर वेळी बदलते. आज तिथे फोटोचा तुकडा आला तर एका ठिपक्याचा रंग किंचित बदलेल आणि कोणाला कळणारही नाही. उद्या तिथे ड्रायव्हरचा पत्ता आला तर निळी स्क्रीन येईल. परवा ती जागा रिकामीच राहिली तर संगणक दिवसभर झकास चालेल. बिघाड ठाम असूनही लहरी वाटतो तो यामुळे. दर वेळी वेगळ्या नावाची निळी स्क्रीन येणे ही रॅमची सर्वांत बोलकी खूण आहे.

रॅमची तपासणी विंडोजच्या बाहेर करावी. मेमटेस्ट86 हा प्रोग्राम ख्रिस ब्रॅडी यांनी 1994 मध्ये लिहिला. पुढे मेमटेस्ट86 प्लस निघाला. दोन्ही पेन ड्राइव्हवरून चालतात आणि प्रत्येक जागी ठरावीक आकडे लिहून तेच परत वाचता येतात का ते पाहतात. रात्रभर चार फेऱ्या होऊ द्याव्यात. एकही लाल ओळ आली तरी यंत्र नापास. एखादी चूक चालते असा हिशेब इथे नाही. लाल ओळ आली तर बायॉसमध्ये एक्सएमपी बंद करून पुन्हा चालवावे. खोक्यावर छापलेला वेग बहुधा एक्सएमपीनेच मिळतो, पण मदरबोर्ड आणि प्रोसेसर यांच्या जोडीला तो झेपेलच असे नाही. एक्सएमपी बंद केल्यावर चुका थांबल्या तर वेग थोडा कमी ठेवून निर्धास्त काम करावे. थांबल्या नाहीत तर एकेक पट्टी एकट्याने, मग तीच दुसऱ्या खाचेत, अशी पाळी लावावी. पट्टीची खाच बदलली की चूकही तिच्याबरोबर गेली तर पट्टी खराब, खाचेपाशीच राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसर. पट्टीची सोनेरी दातरी खोडरबरने पुसण्याची दुकानातली रीत जुन्या पट्टीला लागू पडते. नव्या पट्टीला ती क्वचितच लागते. डीडीआर5 रॅमच्या नव्या यंत्रात पहिल्यांदा पडदा काही मिनिटे काळा राहतो. ते रॅमचे जुळवून घेणे असते, तेव्हा घाईने बटण दाबू नये.

डिस्कचा दोष यापेक्षा प्रामाणिक असतो. फाइल उघडताना किंवा कॉपी करतानाच यंत्र अडते, आणि साटाची केबल बदलताच अनेकदा सुरळीत होते. सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर आणि बायॉसची आवृत्ती एवढे पाहिले तरी पुरे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर 41’ अशी नोंद दिसली की पॉवरचा दोष सापडला असे समजण्याची चूक होते. ती नोंद फक्त यंत्र नीट बंद झाले नव्हते एवढेच सांगते.

बायॉसला एका ओळीत आटोपून चालणार नाही, कारण अलीकडचा सर्वांत मोठा धडा तिथेच मिळाला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे अनेक डेस्कटॉप प्रोसेसर खेळांत आणि जड कामात कोसळू लागले. लोकांनी रॅम बदलली, ग्राफिक्स कार्ड बदलले, विंडोज पुन्हा टाकले. 2024 मध्ये इंटेलने मान्य केले की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्याने आतले सर्किट झिजत होते. ऑगस्ट आणि सप्टेंबर 2024 मध्ये त्यावरचे मायक्रोकोड बायॉसमार्फत आले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. झालेली झीज मात्र या दुरुस्तीने भरून येत नाही. म्हणून बायॉस अद्ययावत करणे हे पहिल्या आठवड्याचे काम. फक्त ते करताना लाइट जाणार नाही याची तजवीज हवी, कारण अर्धवट लिहिलेल्या बायॉसने बोर्डच उठत नाही.

या सगळ्या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे शाळेची शंभर पानी वही. अडल्याची तारीख, वेळ, तेव्हा चालू असलेले काम, खोलीतला उकाडा, लाइट घरची होती की इन्व्हर्टरची, मोटर चालू होती का, निळ्या स्क्रीनवरचे नाव. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तीही वहीत लिहावी. रॅम, एसएमपीएस आणि विंडोज एकाच दिवशी बदलून संगणक सुधारला तर कशाने सुधारला हे कधीच कळत नाही, आणि दोन महिन्यांनी तो पुन्हा अडला की सगळा खर्च पुन्हा. ज्या घरात सोयाबीन विकून आलेल्या पैशातून मुलाला संगणक घेऊन दिलेला असतो, तिथे असा अंदाजपंचे खर्च कोणी सुचवू नये.

भाग खराब निघालाच तर पावती आणि खोक्यावरचा सिरियल नंबर लागतो. वॉरंटी संपेपर्यंत दोन्ही जपून ठेवावीत. वळवाचा गडगडाट सुरू झाला की पॉवरची पिन आणि ब्रॉडबँडची केबल दोन्ही काढावीत. आणि नवे घर बांधणाऱ्यांनी एवढे करावे: गिलावा होण्यापूर्वीच वायरमनकडून संगणकाच्या सॉकेटपर्यंत अर्थिंगची सलग तार ओढून घ्यावी आणि भर मे महिन्यात तिचे माप घ्यावे.