दुपार नावाची दिशा

फेब्रुवारीतल्या एका दुपारी क्राकोवच्या मोठ्या चौकात उभी होते. बारा वाजले, सेंट मेरी चर्चच्या उंच मनोऱ्यातली खिडकी उघडली आणि तुतारीचे सूर खाली उतरले. एकामागून एक चारही दिशांना तीच धून, आणि दर वेळी मधेच तुटलेली. दुपारची ही धून पोलिश रेडिओवरून १९२७ पासून देशभर ऐकू जाते.

वावेलच्या राजवाड्याची वाट एका आजींना विचारली. त्या म्हणाल्या, “ना पोवुद्न्ये.” हा शब्द मी ‘दुपार’ म्हणून शिकले होते. वाट विचारावी आणि उत्तरात वेळ मिळावी! आजींनी हात केला तेव्हा उलगडलं: पोलिशमध्ये भरदुपार आणि दक्षिण यांना शब्द एकच. तसाच ‘पुव्नोत्स’ म्हणजे मध्यरात्र, आणि उत्तरही. शेजारच्या युक्रेनियनमध्येही हेच नातं आहे. त्या अक्षांशांवर बारा महिने माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेलाच असतो आणि मध्यरात्री उत्तर क्षितिजाखाली. वेळेनं दिशेला आपलं नाव देऊन टाकलं.

आपल्याकडे हे जमलं नसतं. महाराष्ट्र सगळाच कर्कवृत्ताच्या खाली. मे महिन्यात पुण्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायांत विरते आणि पुढचे काही आठवडे माध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. अशा दुपारवर दिशेचा भरवसा कोण ठेवील?

बाकीच्या दोन दिशा मात्र ओळखीच्या निघाल्या. पूर्वेचा पोलिश शब्द वर येण्यातून घडलेला, पश्चिमेचा मागे जाण्यातून. रशियन ‘झापाद’मध्ये तर पडणंच आहे. आमची आजी घराचं दार उगवतीला आहे म्हणायची, मागची विहीर मावळतीला. तिला पूर्व-पश्चिम हे शब्द ठाऊक होते, पण लागत नसत.

आणि दक्षिण? आपण ती सूर्यावरून नव्हे, अंगावरून मोजली. उगवतीकडे तोंड केलं की उजव्या हाताला येते ती दक्षिण. संस्कृतात त्या शब्दाचा अर्थच उजवा. त्याचं भावंड स्लाव्ह भाषांत अजून नांदतं आहे. सर्बियन माणूस उजवीकडे वळायला सांगताना आजही ‘देस्नो’ म्हणतो. एकाच जुन्या घरातले हे दोन शब्द. एक हातापाशी राहिला, एक दिशा होऊन दूर गेला.

चौकात पुन्हा शांतता झाली होती. मी उगवतीकडे तोंड करून उभी राहिले आणि उजवा हात पसरला. बोटांवर कोवळं, तिरपं ऊन आलं. माझा हात सांगत होता दक्षिण. सूर्य सांगत होता पोवुद्न्ये. दोघांनी दाखवलेल्या त्या एकाच वाटेनं मी वावेलकडे चालू लागले.