पडद्यामागचा कारकून

हल्ली देवाखालोखाल कोणाचे नाव घेतले जात असेल, तर ते सर्वरचे. दोघांत साम्यही बरेच आहे. दोघेही दिसत नाहीत, दोघेही नक्की कुठे राहतात ते कोणी सांगत नाही, आणि दोघांच्याही नावाने तिसराच कोणीतरी आपल्याला रांगेत उभे करतो. फरक एवढाच की, "देव डाऊन आहे, उद्या या," असे म्हणायची छाती अजून कोण्या पुजाऱ्याला झालेली नाही.

मी बँकेतला कारकून, आणि तोही गडचिरोलीचा. शिक्षणाने बी.कॉम. त्यामुळे सर्वर म्हणजे हॉटेलात वाढणारा, इथवर माझी तयारी होती. आमच्या शाखेत पुण्याहून एक इंजिनिअर झालेला पोरगेलासा अधिकारी आला. तो म्हणायचा, "काका, हे पेज डायनॅमिक आहे. सर्वर-साइडला तयार होतं." मी म्हणायचो, "असेल बुवा." या दोन शब्दांवर मी वीस वर्षे नोकरी काढली आहे.

शेवटी हा विषय मला उमगला तो झाडीपट्टीच्या नाटकामुळे. दिवाळी सरली की वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गावोगाव निघतात आणि आमच्याकडचे लोक रात्र रात्र जागून नाटक पाहतात. आता नाटकाचे पोस्टर घ्या. ते पाटलाने पाहिले काय आणि पोस्टमनने पाहिले काय, त्यात तेच दिसते. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी वेब जगापुढे आणले, तेव्हा त्यावरची पाने अशी पोस्टरसारखी होती. एकदा लिहिली, टांगली, संपले. समोर कोण उभा आहे, त्याला काय हवे आहे, याची पोस्टरला काही पडलेली नसते. (या बाबतीत काही बँक कर्मचारीही पोस्टरच.)

मग १९९५ साली रासमुस लर्डॉर्फ यांनी पीएचपी नावाची हत्यारे लोकांना देऊन टाकली. मुळात ती त्यांनी कशासाठी केली होती? आपला बायोडेटा किती जण पाहतात, ते मोजायला! म्हणजे एवढी मोठी क्रांती "मला कोणी पाहतंय का?" या प्रश्नातून झाली. आमच्या कॉलेजात हा प्रश्न प्रत्येकाला पडला होता. पण त्यातून क्रांती काही झाली नाही.

त्याच वर्षी मायएसक्यूएल नावाचे माहितीचे कोठार निघाले. त्यातले 'माय' म्हणजे इंग्रजीतले 'माझे' असेल, असे मला वाटले. पण ते निघाले मिखाएल विडेनियस या कर्त्याच्या मुलीचे नाव. पुढे त्यांनी मारियाडीबी काढले, ते धाकटीच्या नावाने. आपल्याकडे ट्रकच्या मागे 'पिंकी-सोनू' लिहितात, त्याला उगाच हसायला नको. बाप फिनलंडचा असो की चामोर्शीचा, जात एकच.

तर पोस्टर जाऊन खरे नाटक सुरू झाले ते असे. महाभूलेखवर सातबारा पाहायचा आहे. तुम्ही नागपूर विभाग निवडता, मग गडचिरोली जिल्हा, त्याच्या १२ तालुक्यांतला आपला तालुका, गाव, गट क्रमांक. तुमचे पान कोणी आधीच लिहून टांगून ठेवलेले नसते. तुमची मागणी पडद्यामागे जाते. तिथला अदृश्य कारकून कोठारात शिरतो, नेमक्या त्या गटाची नावे, क्षेत्र, बोजा काढतो, कोऱ्या नमुन्यात भरतो आणि पान पुढे सरकवतो. चहाला जात नाही, सुटे पैसे मागत नाही. व्यवसायबंधू म्हणून मला त्याचा हेवा वाटतो.

पण नाटकात विंगेत प्रॉम्प्टर असतो, तशीच याची गत. वहीत असेल तेच तो सांगणार. वहीत चूक असली, तर रंगमंचावरचा नट तीच चूक मोठ्या रुबाबात बोलतो.

खरिपाच्या तोंडावर धानोऱ्याकडचा एक म्हातारा पीककर्जासाठी आला. म्हणाला, "पाहा बरं जी, त्यात माहा नाव हाये का?"

पडद्यावर नाव आले ते त्याच्या बापाचे.

"बाबा, वडील कुठे असतात?"

"मरून तीस वरसं झाली जी. तवा तुमचा हा कंप्युटर गडचिरोलीत आला बी नसंल."

"पण इथे तर त्यांचंच नाव आहे."

"हा पान कवाचा?"

"आत्ताचं. तुमच्यासमोर तयार झालं."

म्हातारा जरा थांबला. "पान आत्ताचा, अन् बाप तीस वरसाआधीचा? मंग हा ताजा कसा काय झाला जी?"

पुण्याचा इंजिनिअर गप्प झाला. पोळी आत्ता तव्यावरून उतरली खरी; पीठ कधी दळलेले, हे पोळीला कोण विचारणार? पण त्या म्हाताऱ्याचे वर्षाचे धान त्या एका नावावर अडले होते.

मेलेल्या माणसाला कोठारातून बाहेर काढायचे काम सर्वर आपणहून करत नाही. वारसांनी अर्ज करायचा. लोक अजून ज्यांना तलाठीच म्हणतात, त्यांनी गाव नमुना ६ मध्ये फेरफार लिहायचा. १५ दिवसांची नोटीस लागते, मग मंडळ अधिकारी तो मंजूर करतात, आणि तेव्हा कुठे पडद्यामागच्या कारकुनाला बातमी कळते. मी दुपारच्या सुट्टीत म्हाताऱ्याचा अर्ज लिहून दिला. एक बहीण एटापल्लीकडे, एक भाऊ चंद्रपूरला. सगळी नावे लिहिली. हाताने. इतक्या वर्षांनी पेन घेऊन बसलो, तर अक्षर अजून बरे होते.

पुढे तो पुन्हा आला. या वेळी पानावर तिन्ही भावंडे होती. म्हाताऱ्याने आपल्या नावाखाली बोट ठेवले, मग ते हळूच सरकवत बापाच्या नावापाशी आणले.

"याच्या दोनी बाजूनं हे काय हाये जी?"

"कंस. जुन्या नावाला कंस करतात," मी म्हणालो. तेव्हा तशी पद्धत होती.

"म्हंजे खोडला नाई ना?"

"नाही. कंसात आहेत."

"मंग राहू द्या," तो म्हणाला, आणि कर्जाच्या कागदावर अंगठा उमटवायला शाईचा पॅड त्याने स्वतःच पुढे ओढून घेतला.