उन्हात अम्मीचा फोटो

ईदला घराघरांत फोटो निघतात आणि परगावी असलेल्यांना पाठवले जातात. आमच्या चंद्रपुरात हे काम म्हणजे उन्हाशी झुंज. रमजान ईद २०२२ साली ३ मे रोजी होती, २०२३ साली २२ एप्रिलला, २०२४ साली ११ एप्रिलला. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे ती थंडीकडे सरकते आहे, पण बकरी ईद २०२५ साली ७ जूनला आली. नमाज, शीरखुर्मा, पाहुणे यातून सगळे एकत्र उभे राहीपर्यंत अकरा वाजतात, आणि तोवर अंगण तापलेले असते.

चंद्रपूर साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. अशा उन्हात भुवयांची सावली डोळ्यांत पडते, नाकाची ओठांवर. धडधाकट माणूसही आजारातून उठल्यासारखा दिसतो.

आमचा धाकटा भाऊ दम्मामला असतो. फोटो मिळाला की त्याचा फोन यायचा, "अम्मीचे डोळे इतके खोल का गेलेत? माझ्यापासून काही लपवता का?" अम्मी इकडे बिर्याणीत मीठ कमी पडले म्हणून सुनांवर रागावत असायची. पण ज्याला दोन वर्षांतून एकदा सुट्टी मिळते, त्याला आईची तब्येत फोटोवरूनच वाचावी लागते.

तेव्हापासून आम्ही अम्मीला अंगणात उभे करणे सोडले. छपरीच्या कडेपासून हातभर आत पाट टाकतो, तिचे तोंड अंगणाकडे. वरचे ऊन छपराने अडते, समोरच्या चुन्याच्या भिंतीवरून परतलेला मऊ उजेड चेहऱ्यावर येतो. तिच्या पायांपुढे, उन्हात, एक पांढरी चादर अंथरली की हनुवटीखालचा काळोखही निघून जातो आणि डोळ्यांत चमक येते. मागे घराचा अंधार असतो, त्यामुळे पाहणाऱ्याची नजर थेट चेहऱ्यावर जाते. आम्ही सहा-सात फूट दूर, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसतो आणि थोडे झूम करतो. मोबाइल अगदी तोंडाजवळ नेला तर नाक मोठे दिसते, हे अम्मीनेच सांगितले.

गडचिरोलीकडे नातेवाइकांच्या घरी गेलो की झाड शोधावे लागते. एप्रिलमध्ये सागाचे जंगल बोडके असते, सावली मिळते ती कडुनिंबाची. तीही दाट हवी. विरळ पानांतून उन्हाचे गोल कवडसे चेहऱ्यावर पडतात आणि फोटोत कोड आल्यासारखे दिसतात. हे कवडसे गोल का? पानांतली फट कशीही असो, लहान फटीतून खाली पडते ती सूर्याचीच प्रतिमा. ग्रहणात हेच कवडसे कोरीसारखे होतात. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी ग्रहणाच्या अशा प्रतिमेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आजच्या कॅमेऱ्याची मुळे शोधू गेले की त्यांचे नाव येतेच. मुलांना झाडाखाली उभे करून हे दाखवावे, आवडते त्यांना.

कपड्यांचीही एक गंमत आहे. कॅमेरा समोरचा सगळा उजेड सरासरीने मोजतो. पांढऱ्या कुर्त्यांची रांग दिसली की तो उजेड कमी करतो आणि टोप्यांखालचे चेहरे काळे पडतात. काळ्या बुरख्यांच्या घोळक्यात उलटे होते, चेहरे पांढरे फटक. म्हणून स्क्रीनवर बोट चेहऱ्यावर टेकवावे, मग कॅमेरा चेहऱ्याचा उजेड धरतो.

एवढे करून एक खोड उरते, ती म्हणजे चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणे. एका लग्नात स्टुडिओवाल्याने आमच्या सावळ्या भाचीला असे काही गोरे केले की अल्बम पाहणारे नवरी कोणती म्हणून विचारू लागले. मोबाइलमध्ये ते काम आपोआप होते. आम्ही ती सोय बंदच ठेवतो, आणि तिचा उपयोग झाला.

छपरीतले दोन ईदचे फोटो भावाने शेजारी ठेवून पाहिले आणि फोन केला, "अम्मीचा चेहरा सुजलाय, पापण्या पाहा." रोजच्या सहवासात असा हळूहळू होणारा बदल नजरेत येत नाही. आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले. तपासणीत थायरॉइड निघाले. थकवा, थंडी वाजणे हे सारे ती वयावर ढकलत होती.

आता रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू आहे, सूजही उतरली. फोटोबाबत अम्मीची अट मात्र कायम आहे : तो फक्त भावाला जायचा, कुणाच्या स्टेटसवर दिसता कामा नये.