कडवीत सोडायचं नाही

पाळलेलं कासव नदीत सोडणं हाच त्याच्यावरचा खरा उपकार, असं मी अनेक वर्षं मानत आलो आणि चारचौघांत तसं बोलतही आलो. पाण्यातला जीव काचेच्या पेटीत कोंडायचाच कशाला? आमच्या शाहूवाडीला पाण्याची वाण नाही. कडवी नदी आहे, तळी आहेत, शेतातल्या विहिरी आहेत. आज मी नेमकं उलटं सांगतो.

भाच्याची नोकरी परगावी लागली आणि त्यानं आपलं कासव मलकापूरला आणलं. "मामा, तुम्ही नेहमी सोडा म्हणता ना? मग कडवीत सोडू या." डोळ्यामागे तांबडा पट्टा, अंगावर हिरव्या-पिवळ्या रेघा. हे आपल्याकडचं नव्हे एवढं मला दिसलं, म्हणून आधी माहिती काढली. त्या माहितीनंच माझं मत फिरलं.

ही जात अमेरिकेतली, मिसिसिपीच्या खोऱ्यातली. बाजारात नाव 'रेड इअर्ड स्लायडर'. रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं पिल्लू विकलं जातं, पण मादी वाढून 25 ते 30 सेंटिमीटरची होते आणि नीट सांभाळली तर तीस वर्षंही जगते. घरात मावेनाशी झाली की लोक ती तळ्यात सोडतात. जगभर हेच झालं, म्हणून 2000 साली सर्वांत घातक शंभर उपऱ्या प्रजातींच्या यादीत तिचं नाव आलं. युरोपीय संघानं तर 1997 मध्येच तिची आयात बंद केली होती. ऊन खायच्या जागा आणि खाद्य ती स्थानिक कासवांकडून हिसकावते, शिवाय रोग पसरवू शकते. कडवी वारणेला मिळते, वारणा हरिपूरला कृष्णेला. इथं सोडलेला जीव इथंच राहील याचा भरवसा काय? आपल्या तळ्यांत मागच्या पायांवर झाकण ओढून घेणारं मऊ पाठीचं कासव राहतं. वन्यजीव कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत त्याला संरक्षण आहे. ते घरात आणायचं नाही आणि त्याच्या पाण्यात परकं सोडायचंही नाही.

मग राहिला एकच मार्ग: भाच्याचं कासव मरेपर्यंत नीट सांभाळायचं. इथं टाकीचा प्रश्न येतो, आणि शोभेची पेटी तिथं चालत नाही. पाठीच्या दर सेंटिमीटरला साधारण पंधरा लिटर पाणी, हा पाळणाऱ्यांचा हिशेब. म्हणून आम्ही प्लॅस्टिकची मोठी टाकी आडवी कापून घेतली. तळाला बारीक खडे घातले नाहीत, कारण कासव ते गिळतं. चढून बसायला जांभ्याचा चिरा सुचला होता, पण तो खडबडीत, पोटाचं कवच घासतं. उतरती लाकडी फळी बसवली.

पाण्याचं तंत्र मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कासवाच्या विष्ठेतून अमोनिया होतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. स्पंज नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात खळखळून धुतला की हे जिवाणूच मरतात. तो टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळायचा. आठवड्याला पाव ते तृतीयांश पाणी बदलायचं, सगळं एकदम नाही. कासव खातं पाण्यातच, तोंडात लाळ नसल्यानं कोरडा घास त्याला गिळता येत नाही. म्हणून खायला वेगळी बादली दिली की टाकी कमी घाण होते.

आमच्याकडचा खरा पेच पावसाचा. आंबा घाटाच्या बाजूनं ढग आले की दिवसेंदिवस ऊन नाही. अतिनील किरणांशिवाय कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही, काच ते किरण अडवते. म्हणून फळीच्या वर यूव्हीबी दिवा रोज दहा-बारा तास, आणि उबेसाठी वेगळा बल्ब, फळीवर साधारण 32 अंश राहील असा. यूव्हीबी दिवा दिसायला चालू असला तरी वर्षभरात त्याचा जोर ओसरतो, तो बदलावा लागतो. वीज बराच वेळ गेली तर बंद फिल्टरमधलं पाणी कुजतं, ते ओतून मगच तो पुन्हा सुरू करायचा.

लहान मुलांच्या घरात आणखी एक जपायचं. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा रोगजंतू असू शकतो. याच कारणानं अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. हात लावला की साबणानं धुवायचे, आणि टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतायचं नाही.

नवं पिल्लू विकत घेऊ नका, हे मी अजूनही सांगतो. पण घरात आहे ते नदीकाठी नेऊ नका. जमत नसेल तर टाकी, दिवा, फिल्टर यांसकट सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती द्या. माझ्यामागे या कासवाचं कोण करणार, हे मी मुलीशी बोलून ठेवलंय. ती हो म्हणाली आहे, आणि स्पंज धुवायला आतापासूनच शिकते आहे.