राहिलेला निरोप

‘निरोप’ या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. जाणाऱ्याला आपण निरोप देतो. आणि मनातली गोष्ट कोणापर्यंत पोचवायची असेल, तर तिलाही निरोपच म्हणतो. मधू दंडवते यांच्या बाबतीत माझ्याकडून पहिला देऊन झाला, दुसरा राहून गेला.

२००० सालच्या मे महिन्यातील ही गोष्ट. रात्री दादर स्थानकावर मी कोकणकन्या एक्स्प्रेसची वाट पाहत होतो. चाकरमान्यांची गर्दी, दोरीने बांधलेली खोकी, पेंगुळलेली मुले. त्या गर्दीत एक वयोवृद्ध गृहस्थ कोणाला तरी गाडीत बसवून देण्यासाठी आलेले दिसले. मागेपुढे कार्यकर्ते नाहीत, सुरक्षारक्षक नाही. चेहरा ओळखला आणि मी क्षणभर जागीच थबकलो.

तुमच्यापैकी तरुणांना हे नाव कदाचित केवळ वाचून माहीत असेल. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे हे प्राध्यापक १९७१ पासून सलग पाच वेळा राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच जाडीचा फोम बसवण्याचे काम हाती घेतले. परीक्षेसाठी रात्रीच्या गाडीने जाताना, पुस्तकांची पिशवी उशाशी घेऊन तुम्ही ज्या बाकावर आडवे होता, त्याच्या मऊपणाची कथा तेथून सुरू होते. पुढे ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, १९९० मध्ये, कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. २६ जानेवारी १९९८ रोजी हा मार्ग संपूर्ण खुला झाला.

या तारखेचा माझ्या घराशी संबंध आहे. वडील गेले तेव्हा मी मुंबईत शिकत होतो. रात्रभर एस.टी.ने प्रवास करून कणकवलीजवळच्या आमच्या गावी पोचलो, तोवर अग्नी देऊन झाला होता. आई आजारी पडल्याचा फोन आला तो १९९९ च्या जानेवारीत. त्याच रात्री गाडीत बसलो आणि सकाळी तिच्या उशाशी होतो. तिने मला ओळखले, चहा घेतलास का म्हणून विचारले. दुपारी ती गेली.

फलाटावर मी पुढे होऊन नमस्कार केला आणि हे सारे घाईघाईने, अडखळत सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही तोडले नाही. ऐकून झाल्यावर गावाचे नाव विचारले. ते कानी पडताच त्यांचा चेहरा उजळला. त्या वाडीवस्त्यांतून ते प्रचारासाठी पायी हिंडले असावेत.

आणि नेमके तेव्हाच मला पुढचे वाक्य बोलायचे होते. १९९१ च्या निवडणुकीत मी गावच्या शाळेत शिक्षक होतो. ‘पाच वेळा यांनाच दिले, आता बदल हवा,’ असे पारावर बोलले जाई. ‘रेल्वे येणार, येणार’ हे ऐकून आमचे कान किटले होते. मीही त्यांना मत दिले नाही. ते पराभूत झाले. रूळ टाकण्याचे काम चालू असताना आम्ही त्यांना घरी बसवले, आणि त्याच रुळांवरून मी आईपर्यंत पोचलो. लोकशाहीत मत बदलण्याचा हक्क असतोच, असे समर्थन मी स्वतःपाशी पुष्कळदा केले आहे. तेवढ्याने भागत नाही.

गाडी आली. एकच गर्दी उसळली. ‘येतो, सर,’ एवढेच म्हणून मी डब्यात चढलो. दारातून पाहिले, तर त्यांनी हात वर केला होता. तो ज्यांना पोचवायला ते आले होते त्यांच्यासाठी होता की माझ्यासाठी, हे मला कळले नाही. मी मात्र हात हलवला. फलाट मागे सरकला.

१२ नोव्हेंबर २००५ रोजी ते मुंबईत निवर्तले. पार्थिव देह जे. जे. रुग्णालयाला दान करण्यात आला. आयुष्यभर शिकवलेला माणूस पुन्हा विद्यार्थ्यांच्याच हाती गेला.

त्या मधल्या साडेपाच वर्षांत मी त्यांना पत्र लिहायला तीनदा बसलो होतो. एक अंतर्देशीय अजून माझ्या खणात आहे. त्यावर ‘आदरणीय सर, सा. न.’ एवढेच लिहिलेले आहे.