मिशा बघून वाचलेला मासा

दोस्तांनो, वर्गात जुळी भावंडं असली की काय गंमत होते, ठाऊक आहे ना? दंगा एकाने करायचा आणि सरांनी कान दुसऱ्याचा धरायचा! माणसांत हे हसण्यावारी जातं. माशांत मात्र अशी गफलत एखाद्याच्या जिवावर बेतते.

स्टर्जन नावाचं माशांचं एक घराणं आहे. फार जुनं, थेट डायनासोरच्या काळापासूनचं. अंगावर हाडांच्या ढालींच्या पाच रांगा : एक पाठीवर, दोन कुशींवर, दोन पोटाच्या कडांना. तोंड खालच्या बाजूला, तोंडापुढे चार मिशा. मोठेपणी दात नाहीत, म्हणून तळातले किडे तोंड नळीसारखं पुढे काढून ओढून घ्यायचे. जगात पंचवीसेक जाती, आणि सगळ्या उत्तर गोलार्धात. आपल्या गोदावरी-कृष्णेत मात्र हा मासा मूळचा नाहीच.

त्यामुळे मला तो पहिल्यांदा दिसला, तो अमेरिकेत मुलीकडे सेंट लुईसला गेलो तेव्हा. या शहराच्या थोडं वर मिसूरी नदी मिसिसिपीला मिळते. संध्याकाळी नातीला घेऊन काठाने फिरत होतो. गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याला हातभर लांबीचा मासा लागला. त्याने तो उलटा केला, मिशा निरखल्या, पोटावरून बोट फिरवलं आणि अलगद पाण्यात सोडून दिला.

"आजोबा, एवढा छान मासा सोडला का हो त्यांनी?" नात म्हणाली. मग आम्ही त्यालाच विचारलं.

तो म्हणाला, "हा पॅलिड." म्हणजे फिकट स्टर्जन. याचा जुळा शोभेल असा दुसरा म्हणजे शॉव्हेलनोज. आपण त्याला फावड्यानाक्या म्हणू. खरं तर नाक दोघांचंही फावड्यासारखंच! रंगावर विसंबायचं नाही. गढूळ पाण्यातली पिल्लं तर सारखीच दिसतात. खूण मिशांत. फावड्यानाक्याच्या चारही मिशा साधारण सारख्या लांबीच्या, एका ओळीत. फिकटच्या मधल्या दोन मिशा आखूड आणि जराशा पुढे. शिवाय मोठ्या फावड्यानाक्याचं पोट खवल्यांनी खरखरीत, फिकटचं गुळगुळीत.

पत्ताही कामाला येतो बरं का! फावड्यानाक्या ओहायो नदीत आणि मिसिसिपीच्या वरच्या अंगालाही सापडतो. फिकट मात्र मुख्यतः मिसूरी, तिला मिळणारी यलोस्टोन, आणि संगमाच्या खालची मिसिसिपी एवढ्यातच. म्हणजे संगमाच्या खाली मासा मिळाला तर मिशा बघितल्याच पाहिजेत.

का? तर १९९० साली फिकट स्टर्जनला 'नामशेष होण्याच्या धोक्यातला' म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं. पण फावड्यानाक्याची अंडी महाग विकली जातात. ती मिळवायला टाकलेल्या जाळ्यांत फिकटही सापडायचा आणि फावड्यानाक्या समजून मारला जायचा. शेवटी २०१० साली, जिथे दोघं एकत्र राहतात तिथे फावड्यानाक्याच्या धंदेवाईक मासेमारीलाही बंदी झाली. कारण? नुसतं दिसण्यातलं साम्य!

दुसरं संकट धरणांचं. फिकटची नुकती जन्मलेली पिल्लं पोहत नाहीत, प्रवाहाबरोबर शेकडो किलोमीटर वाहत जातात. मध्येच धरणाचं साठलेलं पाणी आलं, की ती तळाशी बसतात. तिथे प्राणवायू नसतो, आणि ती मरतात. मोठा मासा पन्नास वर्षांहून जास्त जगतो खरा, पण पिल्लंच वाढली नाहीत तर वंश चालायचा कसा? म्हणून तर एकेक मोठा मासा मोलाचा.

"मी तो नव्हे," असं माशाला सांगता येत नाही. ते ओळखायचं काम आपलं.

आता तुमची पाळी. बाजारात मिशावाला शिंगाळा दिसला, की त्याच्या मिशा मोजा. किती भरल्या आणि तो कोणत्या नदीतला, तेही विचारून या. विकणाऱ्या मावशी नक्की सांगतील!